अंधारात पाहण्याचे दोन माल : थर्मल घ्यावे की नाइट व्हिजन?

रात्रीच्या अंधारात पाहण्याची दोन जातींची यंत्रे आज बाजारात मिळतात. एकाला थर्मल म्हणतात, दुसऱ्याला नाइट व्हिजन. दुकानदार दोन्ही एकाच कपाटात मांडतो, जाहिरातवाला दोन्हींना ‘अंधारातले डोळे’ म्हणतो आणि खरेदीदार किंमत पाहून ठरवतो की महाग तो माल चांगला. कापडाच्या धंद्यात अशी खरेदी करणारा दोन हंगामांत दुकान बंद करतो. या दोन मालांत खरा फर्क काय, तो कागदावरून कसा ओळखायचा आणि कोणत्या कामाला कोणता घ्यायचा, हे आम्ही या लेखात व्यापाऱ्याच्या नजरेने मांडणार आहोत.

शिकारीच्या दुर्बिणीचा विषय या पानावर कसा, असे काही वाचक विचारतील. आमच्या आतेभावाचा मुलगा बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत टेक्सस राज्यात, ह्यूस्टनजवळ असतो. धंद्यातल्या शिलकीतून त्याने व्हार्टन परगण्यात शेतजमीन घेतली आणि ती तिथल्याच एका शेतकऱ्याला खंडाने दिली. त्या भागात कापूस होतो, भात होतो, गुरांसाठी गवत होते. टेक्सस हे अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस पिकवणारे राज्य, त्यामुळे कापडवाल्याला ते नाव नवे नाही. पण तिथल्या शेतकऱ्याची झोप आज बोंडअळीपेक्षा रानडुकरांनी जास्त उडवली आहे.

ही डुकरे तिथली मूळची नव्हेत. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी पाळीव डुकरे आणली, त्यातली काही सुटून रानात गेली. पुढे १९३० च्या सुमारास शौकीन जमीनदारांनी युरोपातले रानडुक्कर शिकारीसाठी आणून सोडले. दोन्हींचे मिश्रण झाले. मादी एका वेळी चार-सहा पिल्ले देते आणि वर्षात दोनदाही विते. आज एकट्या टेक्सस राज्यात त्यांची संख्या २० लाखांच्या वर असल्याचा अंदाज दिला जातो, आणि साऱ्या अमेरिकेत त्यांच्यामुळे होणारे नुकसान वर्षाला अब्जाहून जास्त डॉलरचे मोजले जाते. पेरलेले बी उकरून खाणे, गवताच्या रानात खड्डे पाडणे, बांध फोडणे, हे सगळे रात्री चालते. म्हणून सरकारने हात मोकळा सोडला आहे. २०११ साली हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याची परवानगी देणारा कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकारीचे लायसन्सही लागत नाही. रात्रीची शिकार तिथे कायदेशीर आहे. आमच्या पुतण्याच्या घरात या मांसाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न पिकाचा आणि खंडाच्या पैशांचा आहे.

तर या पुतण्याने आम्हाला दोन माहितीपत्रके पाठवली आणि लिहिले, “चाचा, बंदुकीतले तुम्हाला कळत नाही हे मला माहीत आहे. पण माल पारखणे कळते. शेतकरी म्हणतो थर्मलच घ्या, अर्धे पैसे तुम्ही घाला. तुमचा सल्ला काय?” रक्कम लहान नव्हती. डिजिटल नाइट व्हिजनची दुर्बीण तिकडे साधारण पाचशे ते हजार डॉलरला येते, थर्मल दीड हजारापासून पुढे पाच-सहा हजारांपर्यंत जाते. आम्ही माहितीपत्रके वाचली, जाणकारांना विचारले, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जी मालूमात जमली ती अशी.

नाइट व्हिजन म्हणजे काय

नाइट व्हिजन अंधारात पाहत नाही. ते थोड्या उजेडात पाहते. हा मुद्दा पक्का धरावा, कारण बाकी सारे यावरूनच निघते. चांदण्यांचा, चंद्राचा, दूरच्या गावातल्या दिव्यांचा जो क्षीण प्रकाश असतो तो ही दुर्बीण गोळा करते आणि वाढवते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात एक नळी असते. प्रकाश आत शिरला की पडद्यावरून इलेक्ट्रॉन सुटतात, ते बारीक भोकांच्या काचेच्या चकतीतून जाताना हजारो पटींनी वाढतात आणि पुढच्या पडद्यावर आदळून हिरवे चित्र उमटवतात. हिरवा रंग मुद्दाम निवडला गेला, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या फिक्या-गडद छटा सर्वांत जास्त ओळखता येतात. आता पांढरे-काळे चित्र देणाऱ्या नळ्याही मिळतात. या नळ्यांच्या पिढ्या आहेत. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीची किंमत हजारो डॉलर. दिवसाच्या उन्हात चालू केली तर ती नळी खराब होते.

याला स्वस्त पर्याय म्हणजे डिजिटल नाइट व्हिजन. हा माल आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी-दुकानी आधीच आहे. गोदामावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती लहान दिव्यांचे कडे असते ना, तोच हा प्रकार. ते दिवे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात आणि कॅमेरा त्या प्रकाशात पाहतो. खात्री करायची असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक मोबाइलांत रिमोटच्या टोकाला ठिणगी दिसेल, नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. शिकारीच्या डिजिटल दुर्बिणीवरही असाच दिवा बसवतात. त्यात ८५० आणि ९४० असे दोन आकडे येतात. ८५० चा दिवा लांब पोचतो पण समोरून पाहिले तर फिकट लाल ठिपका दिसतो. ९४० चा बिलकुल दिसत नाही, पण पोच कमी. दिव्याची पोच संपली की दुर्बिणीची नजर संपली, मग भिंग कितीही भारी असो.

थर्मल म्हणजे काय

थर्मलला उजेड लागतच नाही. अमावास्या असो की बंद कोठडी, त्याला काही फर्क पडत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे किरण सोडते, त्यांच्या लहरी साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या असतात, आणि थर्मलचा सेन्सर तेवढेच टिपतो. कोरोनाच्या काळात, २०२० साली, प्रत्येक दुकानाच्या दारात कपाळासमोर धरायचे जे यंत्र होते तेही याच जातीचे. फर्क इतकाच की ते एकाच ठिकाणचा ताप मोजत होते, आणि थर्मल दुर्बीण एकाच वेळी लाखभर ठिकाणांचा ताप मोजून त्याचे चित्र करते. गरम ते पांढरे, थंड ते काळे.

या किरणांना साधी काच अडवते. म्हणून थर्मलचे भिंग काचेचे नसून जर्मेनियम नावाच्या महाग धातूसारख्या पदार्थाचे असते, आणि किमतीचा मोठा भाग तिथेच जातो. म्हणूनच गाडीची काच वर करून आत बसून थर्मलमधून पाहिले तर बाहेरचे डुक्कर दिसत नाही. काचेवर आपलीच आकृती दिसते. हा माल विकताना ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो.

थर्मलची ताकद मोठी आहे. गवतात दबून बसलेले डुक्कर नाइट व्हिजनला दिसत नाही, कारण त्याचा रंग आणि गवताची सावली एकच. थर्मलमध्ये तेच डुक्कर गवताच्या फटींतून पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकते. दोनशे एकरांचे रान पाच मिनिटांत चाळून ‘त्या कोपऱ्यात सात आहेत’ असे सांगणे थर्मललाच जमते.

पण ‘सात आहेत’ म्हणजे सात काय, हा प्रश्न उरतोच.

कोणता प्रश्न विचारायचा आहे

रात्रीच्या शिकारीत दोन प्रश्न असतात. पहिला, तिथे काही आहे का? दुसरा, ते काय आहे? पहिल्याला थर्मलसारखे उत्तर दुसरे कोणी देत नाही. दुसऱ्याला थर्मल ठराविक अंतरापर्यंतच उत्तर देते, आणि ते अंतर जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळपासही नसते. डुकराच्या शरीराचा ताप आणि वासराच्या शरीराचा ताप जवळजवळ सारखाच. कुत्र्याचाही तेवढाच. माणूस जरा थंड, पण त्या चित्रात तोही पांढराच. थर्मल रंग दाखवत नाही, अंगावरचे पट्टे दाखवत नाही, कानातला बिल्ला दाखवत नाही. काटेरी तारेचे कुंपण आसपासच्या हवेइतकेच थंड झालेले असते, म्हणून तारही बहुधा दिसत नाही. ते जनावर आपल्या हद्दीत आहे की शेजाऱ्याच्या, हे त्या चित्रावरून कळत नाही.

पुतण्याच्या जमिनीला लागून एकाचे गुरांचे कुरण आहे. त्याच्या खंडकऱ्याने एका रात्री उसनी आणलेली थर्मल दुर्बीण बंदुकीवर लावून गवताच्या रानात चार पांढऱ्या आकृत्या पाहिल्या. तीन मोठ्या, एक लहान, खाली तोंड घालून चरणाऱ्या. अंतर दोनशे मीटरच्या पुढे. त्याने नेम धरला होता. इतक्यात लहान आकृतीने मान वर केली, आणि डुकराला अशी मान नसते. ती शेजाऱ्याची वासरे होती, कुंपण तुटले होते. गोळी सुटली असती तर भरपाई, कज्जा आणि शेजाऱ्याशी कायमचे वैर. आणि त्या कुरणात तुटलेले कुंपण शोधत शेजारी स्वतः फिरत असता, तर? हा किस्सा खंडकऱ्याने थर्मलचे कौतुक म्हणून सांगितला, की बघा किती लांबचे दिसते. आमच्या पुतण्याच्या मात्र पोटात गोळा आला, आणि तिथूनच त्याने आम्हाला विचारले.

माहितीपत्रक कसे वाचावे

आता हिशेब. थर्मलच्या कागदावर पहिला ठळक आकडा असतो तो अंतराचा, ‘१८०० मीटर’ वगैरे. तो बाजूला ठेवावा. तो ‘काहीतरी आहे’ एवढे कळण्याचा आकडा असतो, आणि तोही बहुधा उभ्या माणसाएवढ्या वस्तूचा. खरे तीन आकडे बारीक अक्षरात असतात. सेन्सरमध्ये पिक्सेल किती, एका पिक्सेलचे माप किती मायक्रॉन, आणि भिंग किती मिलिमीटरचे.

कापडवाल्याला हे समजायला अडचण नाही. आपण ताक्यावर पिक ग्लास ठेवतो आणि इंचात ताणा किती, बाणा किती ते मोजतो. ९२ बाय ८८ म्हटले की माल डोळ्यांसमोर उभा राहतो. पिक्सेल हा चित्राचा धागा. लांबच्या वस्तूवर आपल्या दुर्बिणीचे किती धागे पडतात, एवढेच मोजायचे आहे. मोजायची रीत सोपी आहे. पिक्सेलच्या मायक्रॉनला भिंगाच्या मिलिमीटरने भागा आणि १० ने गुणा. उत्तर येईल ते १०० मीटर अंतरावर एका धाग्याची जाडी सेंटीमीटरमध्ये.

पुतण्याने पाठवलेली थर्मल होती १२ मायक्रॉनची, ३५ मिलिमीटर भिंगाची. १२ भागिले ३५ गुणिले १०, म्हणजे सुमारे ३.४ सेंटीमीटर. शंभर मीटरवर एक धागा साडेतीन सेंटीमीटर जाड! डुकराची उंची ७० सेंटीमीटर धरली तर शंभर मीटरवर त्याच्या उंचीत २० धागे बसतात. दोनशे मीटरवर १०. हजार मीटरवर जेमतेम २.

किती धाग्यांना काय कळते, याचा हिशेबही जुना आहे. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली तो मांडला आणि आजही हा धंदा त्यावरच चालतो. आजच्या पिक्सेलच्या भाषेत त्याचा अर्थ साधारण असा : वस्तूच्या लहान बाजूवर २ पिक्सेल पडले तर काहीतरी आहे हे कळते, ८ पडले तर कोणत्या जातीची वस्तू आहे हे कळते आणि १३ च्या आसपास पडले तर नक्की काय आहे ते ओळखू येते. यात एक मेख आहे. हे आकडे निम्म्या वेळा बरोबर ओळखण्याचे आहेत. म्हणजे १३ पिक्सेल मिळाले तरी दर दोन वेळांत एकदा चूक होण्याची शक्यता गृहीत धरलेली आहे. पहारेकऱ्यासाठी हे चालेल. बंदुकीच्या घोड्यावर बोट असताना निम्म्यावर कोण समाधान मानील? म्हणून आम्ही पुतण्याला सांगितले की हा आकडा दुप्पट धर, २६.

आता परत त्या दुर्बिणीकडे या. डुकरावर १३ पिक्सेल पडतात दीडशे मीटरवर, आणि २६ पडतात सुमारे ऐंशी मीटरवर. ज्या मालावर ‘१८०० मीटर’ छापले आहे त्याचा बंदुकीसाठी भरवशाचा पल्ला आमच्या हिशेबाने ऐंशी मीटर निघाला. खंडकऱ्याने दोनशे मीटरच्या पुढे नेम धरला होता हे वाचकांच्या लक्षात असेलच. त्याच कंपनीची स्वस्त दुर्बीण १९ मिलिमीटर भिंगाची आहे. तिचा एक धागा ६.३ सेंटीमीटर जाड, आणि पल्ला ऐंशीचाही जवळजवळ निम्मा.

आता डिजिटल नाइट व्हिजनला हेच गणित लावा. त्याच्या सेन्सरचे पिक्सेल ३ ते ४ मायक्रॉनचे असतात, भिंग ५० मिलिमीटर. शंभर मीटरवर एक धागा पाऊण सेंटीमीटरहून थोडा इकडे-तिकडे. डुकराच्या उंचीत शंभराच्या घरात धागे! थर्मल म्हणजे मांजरपाट, हे म्हणजे केंब्रिक. कान, सोंड, शेपटी, वासराच्या कानातला बिल्ला, मागची तार, सगळे दिसते, अट एकच की दिव्याचा प्रकाश तिथवर पोचला पाहिजे. आणि किंमत तिसरा-चौथा हिस्सा. म्हणूनच महाग तो चांगला हे इथे लागू पडत नाही.

पन्हा वाढतो, काउंट वाढत नाही

एक फसगत खास सांगण्यासारखी आहे. थर्मलच्या बाजारात ३८४ चा सेन्सर आणि ६४० चा सेन्सर असे दोन मोठे वर्ग आहेत. ६४० ची किंमत दुपटीच्या आसपास. दुकानदार म्हणतो, जास्त पिक्सेल, जास्त स्पष्ट. पण दोन्हींचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि भिंग ३५ मिलिमीटरचेच असेल, तर वरच्या हिशेबात काहीच बदलत नाही. शंभर मीटरवर धागा तोच, ३.४ सेंटीमीटर. डुकरावर पिक्सेल तेवढेच. मग पैसे कशाचे? पन्ह्याचे. ३८४ च्या दुर्बिणीत शंभर मीटरवर सुमारे १३ मीटर रुंदीचे रान दिसते, ६४० मध्ये सुमारे २२ मीटर. रान चाळायला हा रुंद पन्हा फार कामाचा, त्यात वाद नाही. पण ३६ इंची कापड ५४ इंची केले म्हणून त्याचे पोत बारीक होत नाही. पोत बारीक हवे तर मोठ्या भिंगाला पैसे द्यावेत. आणि ‘डिजिटल झूम’ ८ पट, १६ पट असे जे लिहितात, ते त्याच धाग्यांना भिंग लावून मोठे दाखवणे आहे, त्याने एकही नवा धागा येत नाही.

जुन्या मालात १७ मायक्रॉनचे पिक्सेल असत. तो माल आजही उतरत्या भावात विकला जातो. त्याच भिंगात त्याचा धागा ४.९ सेंटीमीटर जाड येतो. सूट पाहून घेणाऱ्याने एवढे बघून घ्यावे.

आणखी एक आकडा असतो तो संवेदनक्षमतेचा, मिलिकेल्विनमध्ये. तो जितका कमी तितका चांगला. २५ च्या खाली उत्तम, ४० पर्यंत ठीक. व्हार्टनसारख्या समुद्राकडच्या, दमट भागात या आकड्याला महत्त्व आहे, कारण पाऊस आणि दाट धुके दोन्ही थर्मलचे चित्र फिके करतात. उन्हाळ्यात संध्याकाळी जमीनच इतकी तापलेली असते की डुक्कर आणि जमीन यांच्यात फारसा फर्क उरत नाही, चित्र राखाडी होते. मध्यरात्रीनंतर जमीन निवते तेव्हा ते उजळते. धुक्यात नाइट व्हिजनचेही हाल होतात, दिव्याचा प्रकाश धुक्यावरून परत येतो, अगदी घाटात गाडीचे हेडलाइट परत येतात तसा. तेव्हा हवामानाच्या बाबतीत कोणताच माल निर्दोष नाही.

बॅटरी, वजन, पाण्यापासून बचाव, बंदुकीच्या धक्क्याला टिकणे, या गोष्टी प्रत्येक गिऱ्हाईक विचारतोच, त्यावर आम्ही जागा घालवत नाही.

आम्ही काय सल्ला दिला

हजारो डॉलरची थर्मल बंदुकीवर बसवू नकोस, असे आम्ही पुतण्याला कळवले. थर्मल घे, पण हातात धरायची, लहान, रान चाळण्यापुरती. आणि बंदुकीवर चांगल्या दिव्याची डिजिटल नाइट व्हिजन लाव. दोन्ही मिळून त्या एका थर्मलहून कमी पैशांत झाले.

पैशांपेक्षा मोठे कारण दुसरे आहे. थर्मल बंदुकीवरच बसवली की रान चाळायला माणूस बंदूकच फिरवतो. म्हणजे तिथे काय आहे हे कळण्याआधीच, ज्या-ज्या गोष्टीकडे तो पाहतो त्या प्रत्येक गोष्टीवर त्याची नळी रोखलेली असते. शेजाऱ्याचे घर असो, रस्त्यावरचा माणूस असो. तिथले जुने शिकारी या सवयीला सर्वांत वाईट मानतात. पाहायचे यंत्र हातात, आणि बंदूक खांद्याला तेव्हाच, जेव्हा काय मारायचे ते ठरले आहे. त्या भागात ऐंशी-शंभर मीटरपर्यंत जवळ जाता येते, डुकराची नजर अधू असते, फक्त वारा आपल्याकडून त्याच्याकडे जाता कामा नये कारण नाक तेज असते. तिथून दिवा लावून ओळख पटवावी, डुकराच्या मागे काय आहे तेही बघावे, मग पुढचे.

हा सल्ला सर्वांना लागू आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे रान चहूबाजूंनी मोकळे, शेजारी गुरे नाहीत, वस्ती नाही आणि जो साठ-सत्तर मीटरच्या पुढे गोळी टाकत नाही, त्याने मोठ्या भिंगाची थर्मल बंदुकीवर लावली तर त्यात चूक नाही. कळप मोठा असेल तर पळणारी डुकरे थर्मलमध्येच नीट टिपता येतात. खंडकऱ्याचे म्हणणे अगदीच फोल नव्हते. त्याच्या कुंपणापलीकडे वासरे होती, एवढीच अडचण.

परदेशातून आणणाऱ्यांसाठी

आपल्या कित्येक घरांतली मुले परदेशात आहेत, आणि सुट्टीत येताना भेट आणतात. ही वस्तू भेट म्हणून आणू नये. अमेरिकेत हा माल दुकानात उघड मिळतो म्हणून तो बाहेर नेता येतो असे नाही. त्याच्या निर्यातीवर कडक बंधने आहेत, परवान्याशिवाय नेणे गुन्हा होऊ शकतो. २००७ साली आयटीटी या मोठ्या अमेरिकी कंपनीने नाइट व्हिजनची तांत्रिक माहिती परवान्याशिवाय चीन, सिंगापूर आणि ब्रिटनला पाठवल्याच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि तिला एकूण १० कोटी डॉलर मोजावे लागले. काही स्वस्त थर्मल कॅमेऱ्यांत सेकंदाला फक्त ९ चित्रे येतात, चित्र धक्के खात चालते. तो यंत्राचा दोष नसतो. नियमांतून सवलत मिळावी म्हणून मुद्दाम तसे बांधलेले असतात. बंदुकीवर असा माल निरुपयोगी, कारण हलणारे जनावर चित्रात असते तिथे प्रत्यक्षात नसते.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. इंग्लंडमध्ये रात्री कोल्हा मारता येतो, हरिण मारायला १९९१ च्या कायद्याने मनाई आहे. जर्मनीत शिकाऱ्याला अशी यंत्रे बंदुकीला जोडायला बंदी होती. २०२० साली शस्त्र कायदा बदलून वाट मोकळी केली गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या रानडुकरांत आफ्रिकी स्वाइन फीव्हर सापडला. आपल्या देशात तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवर सरसकट बंदी आली. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात रानडुकरांनी शेतकऱ्याला कमी छळलेले नाही, पण वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. तेव्हा वरचा सगळा हिशेब टेक्सससाठी आहे. इथे कोणी त्याचा आधार घेऊन बंदूक उचलू नये.

इथे ही यंत्रे शोधासाठी आणि पहाऱ्यासाठी येतात. पांढरकवड्याच्या कापूस पट्ट्यात अवनी वाघिणीच्या शोधासाठी २०१८ साली थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन वापरले गेले, आणि शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली.

राहता राहिले आपले गोदाम आणि माग. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या आमच्या बांधवांनाही आता थर्मल कॅमेरे विकायला प्रतिनिधी येऊ लागले आहेत. त्यांना वरचेच दोन प्रश्न विचारावेत. चोर कोण होता हे पोलिसांना दाखवायचे असेल तर थर्मलच्या चित्रातली पांढरी आकृती कामाची नाही, चांगल्या दिव्याचा साधा रात्रीचा कॅमेराच हवा, आणि त्याच्या दिव्यांवरची कापसाची धूळ दर आठवड्याला पुसायला हवी. पण विजेच्या पॅनलमधला ढिला जोड, मोटरची गरम बेअरिंग, गाठींच्या आत धुमसणारी गरमी बाहेर येऊ लागली की तिचा पत्ता, हे काम थर्मलचे. ते विकत घ्यायचीही गरज नाही, दिवसाच्या भाड्याने तपासणी करून देणारे लोक मिळतात. ही तपासणी माग पूर्ण भाराने चालू असताना करून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी पॅनल थंड असते, आणि थंड पॅनलमध्ये थर्मलला दिसण्यासारखे काही नसते.